ऑक्सिजन सेन्सर बदलूनही दिवा लागतोय? आधी मॅनिफोल्डवरची भोकं बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. गाडी वडिलांची. ते पुण्यात होते तेव्हा तिला सीएनजी किट होतं, आणि ते गेल्यावर गाडी देवगडला आणताना किट काढून टाकलं. तीन महिन्यांपासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. कोड दोन येतात, पी०१३१ आणि पी०१७१. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार गेले आणि नवव्या दिवशी दिवा परत लागला. आता सांगतात की सेन्सर हलका निघाला, ओरिजिनल घाला. तुम्ही विचारताय, आणखी आठ हजार घालावेत का?

घालू नका. माझ्या मते तुमचा जुना सेन्सरही चांगला होता आणि नवाही चांगला आहे. दोघांनी एकच गोष्ट सांगितली, कारण ती खरी आहे.

मी चिपळूणला सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. या दिव्यापायी लोकांचे जेवढे पैसे वाया जाताना पाहिले तेवढे दुसऱ्या कशात पाहिले नाहीत. कोडच्या नावात ‘ऑक्सिजन सेन्सर’ आलं की सेन्सर बदलायचा, अशी रीतच पडून गेली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पी०१३१ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. पहिल्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज बराच वेळ खूप कमी राहिला, एवढंच तो कोड सांगतो. पी०१७१ सांगतो की इंजिनला मिळणारं मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आता सेन्सरचं काम काय ते बघा. सायलेन्सरच्या पाइपात बसलेला हा झिर्कोनियाचा टोपीसारखा तुकडा. त्याच्या आत बाहेरची हवा असते, बाहेरून एक्झॉस्टचा गॅस. दोन्हींमधल्या ऑक्सिजनचा फरक जितका मोठा तितका व्होल्टेज जास्त. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पेट्रोल सतत कमी-जास्त करतो, त्यामुळे व्होल्टेज या दोन टोकांमध्ये ०.४५ च्या वर-खाली झोका घेत राहतो, आणि हा झोका दिसत असेल तर सेन्सर जिवंत आहे. बॉशने हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. या साध्या झिर्कोनिया सेन्सरचं तत्त्व आजही तेच आहे.

मिश्रण खरोखरच लीन असेल, तर व्होल्टेज कमी येणारच. मग दोन्ही कोड एकाच गोष्टीची दोन नावं ठरतात.

तुम्ही ब्लूटूथ स्कॅनर घेऊन आकडे लिहून पाठवलेत, ते फार चांगलं केलंत. माझं निम्मं काम तिथेच झालं. गरम इंजिन, आयडलिंगला: सेन्सर ०.०५ ते ०.१० व्होल्टवर बसून, शॉर्ट ट्रिम +९, लाँग ट्रिम +२३. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरल्यावर: सेन्सर ०.१ ते ०.८ असा झोके घेतोय, शॉर्ट ट्रिम शून्याच्या आसपास, लाँग ट्रिम +११.

यातलं पहिलं लक्षात घ्या. २५०० ला सेन्सर झोके घेतोय, म्हणजे तो मेलेला नाही. त्याची वायर पूर्ण तुटलेली किंवा बॉडीला कायमची टेकलेली असती, तर तो झोका कुठेच दिसला नसता.

दुसरं, ट्रिम. ईसीयूने हिशोबाने ठरवलेल्या पेट्रोलवर सेन्सरचं ऐकून किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं, तो हा आकडा. शॉर्ट म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग म्हणजे सवयीने लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज दहाच्या आत-बाहेर असेल तर मी काळजी करत नाही. तुमची आयडलिंगची बेरीज ३२ आहे. म्हणजे ईसीयू एक तृतीयांश जास्त पेट्रोल ओततोय, तरी सेन्सर म्हणतोय ‘अजून लीन’. ईसीयूचा हात जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत पोचला, त्यापुढे त्याला जाता येत नाही, म्हणून व्होल्टेज खाली बसून राहतो आणि पी०१३१ नोंदला जातो. सेन्सर बदलताना कोड पुसले, की ट्रिमची शिकवणीही पुसली जाते. ती पुन्हा चढायला आणि कोड दोन फेऱ्यांमध्ये पक्का व्हायला वेळ लागतो. तुमचे ते नऊ दिवस इथे गेले.

तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी आहे: रेस दिल्यावर ३२ चे ११ झाले. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढ जबरदस्त असते. समजा इंजिन सेकंदाला २ ग्रॅम हवा मोजून घेतंय आणि कुठल्यातरी फटीतून अर्धा ग्रॅम चोरून आत येतेय. ती चोरी झाली २५ टक्के. २५०० ला मोजलेली हवा ८ ग्रॅम झाली आणि चोरीची तेवढीच राहिली, तर ती फक्त ६ टक्के. पेट्रोल पंप कमजोर असता, फिल्टर चोंदला असता किंवा एअर फिल्टरच्या पुढचा हवा मोजणारा सेन्सर मळला असता, तर उलटं झालं असतं. आयडलिंगला ठीक आणि लोडवर ट्रिम वर. आमच्याकडे कुंभार्ली घाट चढताना ते लगेच कळतं. तुमचा नमुना त्याच्या नेमका उलट आहे.

आणि राहिलेले पाच-सहा टक्के? ते पंपावरच्या पेट्रोलचे. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. तुमच्या गाडीची मूळ जुळणी झाली तेव्हा पेट्रोलमधलं इथेनॉल नावापुरतं होतं. त्यामुळे आज धडधाकट असलेल्या जुन्या गाडीतही लाँग ट्रिम +५ ते +८ दिसतो. हा बिघाड नाही. पण याचा एक परिणाम आहे: पूर्वी जी छोटी फट ईसीयू गुपचूप सांभाळून घ्यायचा, तीच फट आता मर्यादेबाहेर जाते आणि दिवा लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या गाड्या पी०१७१ घेऊन जास्त येऊ लागल्या, त्यात याचा वाटा आहे असं मला वाटतं.

मग फट कुठे? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘किट काढून टाकलं’.

सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांना भोकं पाडतात, आटे काढतात आणि पितळी नॉझल बसवतात. गॅसचे पाइप त्या नॉझलवर चढतात. किट काढताना टाकी जाते, रिड्युसर जातो, गॅसचे इंजेक्टर जातात, पण पडलेली भोकं कुठे जाणार? ती कोणी कशी बुजवली यावर सगळं अवलंबून असतं. मी पाहिलेले प्रकार सांगतो. नॉझल तसेच ठेवून त्यावर बोटभर रबरी पाइप, पाइपाच्या दुसऱ्या तोंडात स्क्रू आणि वर तारेचे दोन वेढे. नॉझल काढून भोकात एम-सीलची गोळी. एका गाडीत तर पाइप दुमडून प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला. ही सगळी कामं पहिले सहा महिने चांगली चालतात. मग इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, त्याला केसासारख्या चिरा जातात. एम-सील धरून राहतं, पण इंजिनच्या थरथरीने कडेने सुटतं. वरून बघितलं तर जागच्या जागी दिसतं, नखाने हलवलं की गोल फिरतं.

हे शोधायला तुम्हाला गॅरेजची गरज नाही. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ओढणी आणि केस फॅनबेल्टपासून दूर. मॅनिफोल्डच्या नळ्यांवर, जिथे इंजिन हेडला त्या जुळतात त्याच्या थोडं वर, चार भोकं एका रांगेत असतील. एकेका भोकाभोवती बारीक पाणी मारा आणि कान इंजिनकडे, डोळे स्कॅनरवर ठेवा. फट असेल तर पाणी क्षणभर तिला बुजवतं. आवाज बदलतो, सेन्सरचा व्होल्टेज उसळी घेतो, शॉर्ट ट्रिम खाली येतो. पाणी आत ओढलं गेलं की परत पहिल्यासारखं. दोनदा-तीनदा करून तेच दिसलं तर जागा पक्की. प्लगच्या कॉइलवर आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. ते मी गॅरेजमध्ये आग विझवण्याचा सिलिंडर शेजारी ठेवून करतो, तुम्ही घरी करू नका. पाण्याने काही सापडलं नाही तर धूर सोडून बघणारं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा. मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की फट स्वतःच बोट दाखवते. ब्रेक बूस्टरचा पाइप आणि टॅपेट कव्हरवरून येणारा ब्रीदरचा पाइपही त्यात तपासून होतो.

एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी, कारण या नमुन्याने मला एकदा चुकीच्या रस्त्यावर नेलं होतं. सावर्ड्याचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर गाडी घेऊन आले होते. आयडलिंगला ट्रिम वर, रेस दिली की खाली, अगदी तुमच्यासारखंच. मी हवेची फट शोधत दोन दिवस घालवले, मिळाली नाही, म्हणून सेन्सर बदलला. आठवड्याने ते परत आले. म्हणाले, “मास्तर, सकाळी थंड गाडी चालू केली की कुठेतरी फुसफुस ऐकू येते, पाच मिनिटांनी थांबते.” सकाळी सातला त्यांच्या अंगणात जाऊन ऐकलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काजळीची बोटभर काळी रेघ होती. थंड असताना फट उघडी, लोखंड तापून फुगलं की आवाजापुरती बंद. एक्झॉस्टचे झटके त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढत होते. ती हवा सेन्सरला दिसायची, तो ‘लीन’ सांगायचा आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल ओतायचा. सेन्सरचे पैसे मी त्यांना परत दिले. तेव्हापासून कान आधी लावतो, पाना नंतर.

दोन्हींमधला फरक स्पार्क प्लग काढल्यावर कळतो. फट एक्झॉस्टची असेल तर इंजिन प्रत्यक्षात रिच चालतंय, म्हणून प्लग काळे, मागून पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज पडलेलं. फट इनटेकची असेल तर प्लग स्वच्छ किंवा पांढुरके, आणि आयडलिंग थरथरतं. तुम्ही लिहिलंय की सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग हलतं आणि ॲव्हरेज फारसं पडलेलं नाही. त्यामुळे माझा कौल इनटेककडे आहे. तरी प्लग काढून बघाच. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर त्यालाही लीनच समजतो.

आता किटचा दुसरा वारसा, वायरिंग. बऱ्याच किटचा कंट्रोलर ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर सोलून तिथून एक फाटा घेतो. किट काढताना फाटा कापतात आणि सोललेली जागा टेपने गुंडाळतात. पुण्याच्या कोरड्या हवेत ते चालून गेलं असेल, देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात टेपखालचं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. सेन्सरपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत कनेक्टरच्या पुढे हातभर जा. टेपची गाठ लागली की उघडा. तांबं चमकत असेल तर ठीक. हिरवी पूड सांडली तर तो तुकडा कापून नवीन वायर घाला. हा सांधा कनेक्टरपलीकडे, गाडीच्या वायरिंगमध्ये असेल तर सोल्डर चालेल. सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीवर मात्र सोल्डर कधीही नको. सेन्सरला आतून जी ताजी हवा लागते ती अनेक सेन्सरमध्ये वायरच्या तांब्याच्या तारांमधल्या पोकळीतून जाते. सोल्डर वितळून त्या पोकळीत शिरला की सेन्सरचा श्वास कोंडतो. त्याच कारणाने त्या कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरू नये. युनिव्हर्सल सेन्सर जोडायचा झाला तर दाबून बसवायचे सांधे वापरतात ते यासाठीच.

वायर तपासायची सोपी रीत: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक सिग्नल वायरवर, दुसरं सेन्सरच्या ग्राउंड वायरवर. मीटरचा आकडा आणि स्कॅनरचा आकडा एकाच वेळी बघा. जवळपास सारखे हवेत. मीटरवर ०.७ आणि स्कॅनरवर ०.४ दिसलं, तर मधल्या वायरने व्होल्टेज खाल्ला. या वायरवर टेस्ट लॅम्प लावायचा नाही. सेन्सर इतका करंट देऊच शकत नाही आणि लॅम्पमुळे तो खराब होऊ शकतो.

सेन्सर खरोखर कधी बदलावा, तेही लिहितो. पी०१३५ आला तर हीटरचं सर्किट. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर हीटरच्या असतात, बॉश आणि एनटीकेमध्ये बहुतेक पांढऱ्या, डेन्सोमध्ये काळ्या. थंड असताना त्यांच्यात साधारण ५ ते १५ ओम मिळायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळाला. पण आधी गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला १२ व्होल्ट येतोय का बघा, फ्यूज उडालेला असू शकतो. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे चिपळुणात असे कोड रांगेने आले. बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सर ठीक होता, पिनांवर चिखल आणि गंज होता. पी०१३३ म्हणजे सेन्सर आळसावला. झोका आहे पण सुस्त. मिश्रण मुद्दाम बदलून बघितलं आणि तरी उठायला वेळ लागला, तर त्याचं वय झालं. हीटरवाल्या सेन्सरचं दीड लाख किलोमीटरच्या आसपास तसं होतंच. आणि बदलायचाच झाला तर पुढचा की मागचा, हे कोडवरून नीट वाचा. पी०१३० ते पी०१३५ पुढचा, पी०१३६ ते पी०१४१ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा. चुकीचा बदललेलाही मी पाहिला आहे.

हे सगळं हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे मॅफ, असलेल्या गाडीसाठी. तुमच्या फोटोत एअर फिल्टरच्या डब्याला लागून पाइपात तो दिसतोय, म्हणून एवढ्या खात्रीने बोललो. मॅनिफोल्डचा दाब बघून हवेचा अंदाज घेणाऱ्या, म्हणजे मॅपवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये चोरीची हवाही दाबात धरली जाते. तिथे ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच वर जाऊन बसतं. इतर वाचकांनी आपली गाडी कुठल्या प्रकारची ते आधी बघावं.

भोकं सापडली की दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती कशी करायची ते मिस्त्रींना आधी सांगा. पितळी नॉझल आणि रबराचे तुकडे काढून टाकायचे, आटे साफ करायचे, त्या आट्यांचे नेमके पितळी प्लग तांब्याच्या वॉशरसह बसवायचे, आट्यांना थ्रेड सीलंट. आटे गेले असतील तर जुन्या बाजारातून बिनभोकाचा मॅनिफोल्ड मिळतो का बघा. तोही नव्या सेन्सरपेक्षा स्वस्त पडू शकतो. नवीन भोक पाडू देऊ नका, बुरा सरळ सिलिंडरमध्ये जातो. आणि ट्यूबमधलं साधं सिलिकॉन भोकांवर थापू देऊ नका. त्याची वाफ हवेबरोबर जळून सेन्सरवर पांढरा थर देते, आणि मग तुमचा चांगला सेन्सर खरोखरच निकामी होईल. सिलिकॉन लावायचंच असेल तर पाकिटावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं. आरसी बुकावर सीएनजीची नोंद अजून असेल, तर तीही आरटीओत जाऊन काढून घ्या.

काम झालं की स्कॅनरने कोड पुसा, ३०-४० किलोमीटर चालवा, मधे दोन-तीनदा पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा. दोन्ही ट्रिमची बेरीज आयडलिंगला दहाच्या आत आली आणि सेन्सर तिथेही झोके घेऊ लागला, तर काम झालं. नाही आली तर चारही भोकांचे फोटो आणि काढलेल्या स्पार्क प्लगचे फोटो मला पाठवा, सिलिंडरचा क्रम लिहून. आणि वडिलांच्या गाडीतला तो जुना सेन्सर गॅरेजवाल्यांनी परत दिला असेल तर टाकू नका. टोक कशाला न लागू देता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवा. तो बहुधा अजून चालेल.